तलकट्टु बाकी आहे

चित्रलेखाताईंशी माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. चूक छापणाऱ्याची होती असं मी अजूनही म्हणते, पण कोणी ऐकून घेत नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीचा बॅनर करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी शुभदा, मूळची पुण्याची, गेली चौदा वर्षं इथे परदेशात, वेरिबीत, आणि नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे लोकांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. बॅनर आला, हॉलच्या दारावर चढला, शंभरेक माणसांनी त्याखाली उभं राहून फोटो काढले, आणि त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, 'हार्दकि स्वागत'. इथल्या छापणाऱ्यांच्या कम्प्युटरला आपली वेलांटी झेपत नाही, ती आपलं घर सोडून शेजारणीकडे जाऊन बसते. शंभर शिकल्यासवरल्या मराठी माणसांपैकी एकालाही ते दिसलं नाही. दिसलं ते साठीच्या एका बुटक्या बाईंना. त्यांनी वर पाहिलं, मला शोधून काढलं आणि विचारलं, "शिडी आहे का गं?"

शिडी मिळाली. बाईंनी गाडीतून रंगाची पेटी आणली, पदर खोचला आणि दहा मिनिटांत चुकलेली वेलांटी झाकून खरी वेलांटी जागेवर आणून बसवली. रंग असा जुळवला की जोड दिसेना. मी खाली शिडी धरून शरमेने अर्धी झाले होते. म्हटलं, ताई, चहा तरी घ्या.

"नक्को," त्या म्हणाल्या.

नको नव्हे, नक्को. हैदराबादेत वाढलेली माणसं असं म्हणतात. नको म्हटलं की आग्रहाला थोडी जागा राहते, नक्को म्हटलं की दार बंद. तो जास्तीचा क ताईंना पुढे किती कामाला आला ते सांगते.

वेरिबीत भाजी घेणाऱ्या प्रत्येकाने ताईंचं अक्षर पाहिलेलं आहे, फक्त ते कोणाचं हे माहीत नसतं. आमच्याकडे नीनो नावाच्या एका इटालियन म्हाताऱ्याचं भाजीचं मोठं दुकान आहे. ताई सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, म्हणजे प्रतापरावांबरोबर, इथे आल्या आणि त्या दुकानात क्रेट उचलायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना फ्लॉवरच्या ढिगावरची पाटी बघवेना, म्हणून त्यांनी ती पुसून नवी लिहिली. नीनोने पाहिलं आणि म्हणाला, "मेट, डू देम ऑल." तेव्हापासून त्या दुकानातली प्रत्येक पाटी ताईंच्या हातची. गेल्या दहा-बारा वर्षांत इथे आपली माणसं वाढली, तोंडली, गवार, दोडका यायला लागला, तेव्हा ताईंनी इंग्रजीखाली मराठी आणि तेलुगूही लिहायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. तेलुगू पोरं त्या पाट्यांचे फोटो काढून गावाकडे आईला पाठवतात. तोंडलीची पाटी तर प्रसिद्ध आहे. तेलुगूत तोंडलीला दोंडकाय म्हणतात, आणि ताई ते असं गोल गरगरीत लिहितात की खरी तोंडली त्यापुढे सुकलेली वाटावीत.

ही बाई तेलुगू सिनेमातल्या एका नावाजलेल्या घरातली आहे, हे मला कळायला चार वर्षं लागली. ताई स्वतःहून काही सांगणाऱ्यातल्या नाहीत. वडील पद्माकर नांदेडहून हैदराबादला गेले आणि सिनेमाची पोस्टरं आणि पडद्यावरची नावं रंगवू लागले. मोठा भाऊ विलास कलादिग्दर्शक झाला. विलासरावांचा मुलगा निनाद आता दिग्दर्शक. घर मराठी, पण तीन पिढ्यांचं पोट तेलुगूवर. यांच्या मुलाखती इंटरनेटवर ढिगाने आहेत. प्रत्येक मुलाखतीत विलासराव सोफ्यावर रेलून बसलेले असतात आणि त्यांच्या डोक्यामागे वडिलांच्या जुन्या रंगकामाच्या दुकानाची पाटी टांगलेली असते, पिवळ्यावर लाल, तेलुगूत, 'पद्माकर अँड सन'. मुलाखत घेणारा दरवेळी विचारतो, ही तुमच्या वडिलांच्या हातची ना? विलासराव दरवेळी मान हलवतात.

ती पाटी ताईंनी रंगवलेली आहे.

हे त्यांनी मला एका दुपारी गॅरेजमध्ये सांगितलं. प्रतापरावांची गाडी बारा महिने बाहेर उन्हात उभी असते, कारण गॅरेज ताईंच्या टेबलाचं आहे. सांगण्याआधी त्यांनी मला एक खूण शिकवली. तेलुगूत बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर एक छोटा फटकारा असतो, शिक्षक बरोबर उत्तरावर करतात तशा खुणेचा. त्याला तलकट्टु म्हणतात. आपण शब्द लिहून झाल्यावर शेवटी वरची रेघ ओढतो ना, तसे पद्माकर पेंटर पडद्यावरच्या नावांची सगळी कार्डं आधी उघड्या डोक्याची लिहून वाळवत, आणि शेवटी एका वेगळ्या ब्रशने, एका बैठकीत, सगळ्यांचे तलकट्टु देत. त्यांचा तलकट्टु उजवीकडे लांब, निमुळता जाई. तेवढ्यावरून सिनेमावाले ओळखत, हे पद्माकरचं काम. त्या ब्रशला ते कोणाला हात लावू देत नसत. विलासने दोनदा मागितला आणि दोनदा बोलणी खाल्ली.

"मी एकोणीस वर्षांची असताना बाबांचा हात थरथरायला लागला," ताई म्हणाल्या. "सकाळी चहाची कपबशी वाजायची. एक दिवस निर्माता समोर बसलेला, कार्डं अर्धी राहिलेली. बाबांनी तो ब्रश उचलला, खाली ठेवला आणि माझ्याकडे सरकवला."

त्यानंतर लग्न होईपर्यंत, अकरा वर्षं, पद्माकर पेंटरची सगळी कार्डं ताईंनी लिहिली. हुबेहूब बाबांच्या अक्षरात. पेंटरचा हात गेला हे बाहेर कळलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून कोणी बोललं नाही. इथपर्यंत मी समजू शकते. पण दुकान मोठं झालं तेव्हा नवी पाटीही ताईंनाच करायला सांगितली, आणि तिच्यावर नाव काय, तर 'पद्माकर अँड सन'. तो सन त्या वेळी मद्रासला दुसऱ्याच्या हाताखाली सेट ठोकायला शिकत होता.

"मी विचारलं, बाबा, एवढंच? ते म्हणाले, पोरी, तू सासरी जाशील, पाटी इथेच राहील."

"आणि तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं. 'सन' फार सुंदर आलंय, बघ कधी नीट." मग म्हणाल्या, "बाबांवर माझा फार जीव होता, शुभदा. त्या दिवसाचा रागही अजून आहे. दोन्ही आहे."

गेल्या वर्षी निनादचा फोन आला. तो नवा सिनेमा करत होता, आजोबांवरच, म्हणजे सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्यावर. सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही, फुकटची जाहिरात कशाला. सुरुवातीला पडद्यावर येणारी सगळी नावं त्याला हाताने लिहिलेली हवी होती, आजोबांच्या अक्षरात. लहानपणी सुट्टीत त्याला ताईंनीच अक्षरं गिरवायला शिकवली होती, त्यामुळे आजोबांचं अक्षर खरं कोणाचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"आत्या, तुझ्याशिवाय कोण करणार?"

"माझं नाव लागेल?"

"म्हणजे काय, विचारतेस काय?"

ताईंनी काम घेतलं. चार महिने दुकानातून आल्यावर रोज दोन तास, आणि रविवार पूर्ण. काळ्या कार्डावर पांढरी अक्षरं, एकूण बहात्तर कार्डं. मी जाऊन बसायचे, इतकं की माझा नवरा म्हणाला, तिकडेच गादी टाक. नावांची यादी हैदराबादहून इंग्रजीत यायची. मी वाचायचे, ताई तेलुगूत लिहायच्या. कॅमेरा, संकलन, कपडे, मारामाऱ्या, सगळं सुरळीत चाललं होतं. साठाव्या कार्डापाशी मी थांबले.

"वाच की."

"टायटल्स," मी वाचलं. "पद्माकर अँड सन."

ताईंनी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, टेबलावर सरळ ठेवला. "म्हणजे तेच पुन्हा मी माझ्या हाताने लिहायचं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांनी."

मला राग आला, हे सरळच सांगते. मी निनादला फोन लावायला घेतला. शब्द तयार होते, त्यातले दोन-तीन छापण्यासारखे नव्हते. ताईंनी फोन माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतः बोलल्या. निनाद चाचरत होता. प्रोड्यूसरला तीन पिढ्यांची गोष्ट विकायची आहे, ट्रेलरमध्ये ती पाटी आहे, माझे बाबा म्हणतात पाटी हाच आपला ब्रँड, आत्या तू समजून घे, तुझं नाव मी विशेष आभारांत टाकतो.

"विशेष आभारांत अजून कोण कोण आहे?"

यादी माझ्या हातात होती. जनरेटरवाला, एक ढाबा, आणि ज्याच्या आमराईत शूटिंग झालं तो गृहस्थ.

"नक्को," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांची मुलगी मयूरा सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. आईने काम अर्धवट सोडून द्यायचं ठरवलं आहे हे ऐकून ती म्हणाली, "नो मम, डोन्ट स्टॉप. पुट अ बॅन ऑन वन थिंग." मग तिने समजावून सांगितलं. युनियनचं भांडण लागलं की नर्सेस पेशंटला सोडत नाहीत. औषध, ड्रेसिंग, सगळं वेळेवर. फक्त एखादी गोष्ट करायची नाही असं ठरवतात, समजा काही फॉर्म भरायचे नाहीत. पेशंटचं काही बिघडत नाही आणि वरच्यांची झोप उडते.

कॉल संपल्यावर ताई टेबलाशी जाऊन बसल्या. टेबलावरच्या बाटलीत तो वेगळा ब्रश उभा होता. नांदेडच्या पद्माकर पेंटरचा ब्रश, मूठ तीच, केस चारदा बदललेले. ताई त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला हसू आवरेना.

आठवड्याभरात एकाहत्तर कार्डं स्कॅन होऊन हैदराबादला गेली. वेळेवर, स्वच्छ, एक डाग नाही. आणि एकाही अक्षराच्या डोक्यावर तलकट्टु नाही. साठावं कार्ड कोरंच ठेवलेलं. मला तेलुगू येत नाही, मला ती कार्डं छानच दिसली. ताई म्हणाल्या, समज की पानभर मराठी आहे आणि कुठेच वरची रेघ नाही, तसं दिसतंय हे तिकडे.

दुसऱ्याच दिवशी निनादचा फोन. "आत्या, फाइल्समध्ये काहीतरी मिसिंग आहे."

"मिसिंग नाही. बाकी आहे."

"तलकट्टु कुठेत?"

"ब्रशमध्ये आहेत. माझं नाव लागलं की लागतील."

चौथ्या दिवशी खुद्द विलासरावांनी फोन केला. फोन स्पीकरवर होता, प्रतापराव आणि मी समोर स्टुलांवर बसलो होतो.

"चित्रा, हा काय पोरखेळ लावलायस? प्रिंट लॉक करायची वेळ आली."

"कर मग लॉक."

"लोक हसतील. सगळ्या इंडस्ट्रीत बाबांचं नाव आहे."

"आहे ना. मीच लिहिलंय ते."

"घरातल्या घरात कसली नावं लावायची? आपलं नाव पडद्यावर जातंच आहे की."

"आपलं कुठे, तुझं जातंय. सन कोण आहे, विलास? एक कार्ड तरी लिहिलंस कधी?"

मग विलासराव हळू आवाजात बोलले, आणि ते नाटक करत होते असं मला तरी वाटलं नाही. "चित्रा, आज तुझं नाव लावलं तर उद्या लोक विचारतील, अकरा वर्षं त्या माणसाने सगळ्यांना फसवलं का? गेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर आणायची आहे का तुला?"

हा घाव वर्मी बसला. ताईंचा चेहरा उतरला. क्रिकेट सोडून कशावर सहसा न बोलणारे प्रतापराव उठले आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"बाबांनी ब्रश मला दिला," ताई म्हणाल्या. "देताना त्यांना लाज वाटली नाही, घेताना मला वाटली नाही. तुला कशाची वाटते?"

फोन कोणी आधी ठेवला ते मला कळलं नाही.

मग हैदराबादवाल्यांनी हातपाय मारून पाहिले. जुन्या कार्डांवरून कम्प्युटरवर फॉन्ट करवून घेतला. निनादने नमुना पाठवला तेव्हा ताई मोठ्याने हसल्या. "बघ, सगळे त एकाच साच्यातले. बाबांचे दोन त कधी सारखे नसायचे. माझेही नाहीत." मग तिथल्या एका पेंटरकडून ताईंच्याच अक्षरांवर तलकट्टु चढवून घेतले. ते उसन्या टोप्यांसारखे दिसत होते, आणि नको त्या अक्षरावर खूण पडल्यामुळे एका नटीच्या नावाचा पार विचका झाला. ती नटी चिडली म्हणे. मला तिचं कौतुक वाटलं, आमच्या बाजूने कोणीतरी चिडलं.

तीन आठवड्यांनी निनादने आनंदाने फोन करून सांगितलं, की तोडगा निघाला. प्रोड्यूसरला पटलं, उलट बातमी जास्त चालेल म्हणाला. कार्डावर येणार 'पद्माकर अँड डॉटर'. मी टाळी वाजवली. प्रतापराव फ्रीजमधलं श्रीखंड काढायला उठलेसुद्धा.

"नक्को," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी माझं आणि ताईंचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, ताई, देव देतोय आणि तुम्ही ओंजळ मिटताय. एवढं मिळालं, घ्या की.

"काय मिळालं? डॉटर हे नातं झालं, नाव नव्हे. काल सन, आज डॉटर. नीनो मला पगार देतो तो कोणाची मुलगी म्हणून देत नाही. मला नाव आहे, शुभदा. माझ्या आईने ठेवलेलं आहे."

"तुटेपर्यंत ताणू नये, ताई."

"चाळीस वर्षं सैलच होतं. आता जरा ताणू दे."

मी तणतणत घरी आले आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही. बाई हट्टाला पेटली, आता सगळं घालवणार, असं नवऱ्याला दहादा ऐकवलं. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला निनादचा मेसेज पाठवला. त्याने लिहिलं होतं, 'आत्या, माझ्या सिनेमात म्हातारा शेवटी नातवाच्या हातात ब्रश देतो. तो सीन एडिट करताना मला माझीच लाज वाटली. तुझं नाव तू लिही, तुला हवं तसं. बाबांना मी सांगतो.'

मला वाटलं, संपलं. पण खरी पंचाईत पुढेच होती. ताई नाव लिहायला बसल्या आणि त्यांना लिहिता येईना. आठ कार्डं फाडली. मला काहीच दोष दिसत नव्हता, सुंदरच होती सगळी.

"बाबांची आहेत," ताई वैतागून म्हणाल्या. "हात बाबांचा चालतोय. मी त्यांच्या अक्षरात इतकं लिहिलंय की माझं नावसुद्धा त्यांच्याच अक्षरात येतंय." त्यांचे डोळे भरून आले होते. इतके महिने भावाशी, पुतण्याशी, माझ्याशी भांडताना मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी त्या कामावर गेल्या. फवाऱ्याच्या पाण्याने तोंडलीची पाटी ओघळली होती. नीनो म्हणाला, जाता जाता ती नवी करशील का? ताईंनी उभ्याउभ्या, एका हातात क्रेट धरून, मिनिटभरात ती लिहिली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. ते अक्षर त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. गोल, जाड, घाईचं, लांबून दिसावं म्हणून फुगवलेलं. त्याचा तलकट्टु लांब निमुळता नव्हता, आखूड होता, टिचकी मारावी तसा. हे अक्षर वेरिबीत जन्मलं होतं, क्रेटांच्या गर्दीत, आणि सव्वीस वर्षं ते आपलं आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी नाव तसंच लिहिलं. नुसतं 'चित्रलेखा'. तेलुगूत त्या नावाला एकच तलकट्टु लागतो, त्र वर. तो त्यांनी पाटीवरच्यासारखा आखूडच दिला. मग बाटलीतला तो ब्रश काढून त्यांनी बाकीच्या एकाहत्तर कार्डांचे तलकट्टु दोन बैठकांत दिले, बाबांच्या पद्धतीने, लांब आणि निमुळते. हात एकदाही थांबला नाही. सगळं स्कॅन करून पाठवून दिलं.

विलासरावांचा फोन लगेच आला. "एक कार्ड बाबांच्या अक्षरात नाहीये. साठावं."

"नाहीये."

"मॅच होत नाही, चित्रा. मी कलादिग्दर्शक आहे, मला कळतं. दुसरं लिहून पाठव."

"नक्को."

"मग ते काढायला लागेल."

"बघ बाबा."

मी कपाळाला हात लावला. तलकट्टु सगळे देऊन झाले होते, अडवून धरायला हातात काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, आधी त्यांच्याकडून नाव पक्कं करून घ्यायचं होतं, मग द्यायचे. ताई ब्रश धुवत होत्या. म्हणाल्या, "निनादने शब्द दिलाय. पाळायचा की नाही ते त्याचं. अर्धवट कामावर मला माझं नाव नकोच होतं."

त्यानंतर महिनाभर हैदराबादहून ना फोन, ना मेसेज. ट्रेलर आला, त्यात ती पाटी होती. विलासरावांची नवी मुलाखत आली, तेव्हाही ती भिंतीवर होती. ताई रोज दुकानात जात होत्या, पाट्या लिहीत होत्या. मी विचारायचं सोडून दिलं.

इकडे तेलुगू सिनेमाचा पहिला खेळ भारतातल्या रिलीजच्या आदल्या संध्याकाळी असतो. वेरिबीच्या मॉलमधलं थिएटर सहाच्या शोला खचाखच भरलं होतं. युनिव्हर्सिटीतली पोरं, आजी-आजोबा, पाळण्यातली बाळं, सगळे. दारावर मोठी नोटीस होती की आत कागदाचे तुकडे उडवल्यास दंड होईल, आणि प्रत्येकाच्या खिशात कागदाचे तुकडे होते. मयूरा सिडनीहून आली होती. एका बाजूला ती, एका बाजूला मी, मध्ये ताई, त्यांच्या मांडीवर पर्स, आणि पर्समध्ये तो ब्रश. कशाला आणला असं मी विचारलं नाही.

अंधार झाला. नावं सुरू झाली. हिरोच्या नावाला जो गलका झाला त्याने माझे कान बंद झाले. ताई पडद्याकडे बघून ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होत्या. कॅमेरा. संकलन. कपडे. लांब निमुळत्या तलकट्टूंची कार्डं एकामागून एक जात होती. सत्तावन्न, अठ्ठावन्न. एकोणसाठ.

"साठ," ताई म्हणाल्या.

कार्ड आलं. आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळं, गोल, जाड, डोक्यावर एकच टिचकी. मला तेलुगू वाचता येत नाही, पण भाजी मी दर शनिवारी घेते.

ताई उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतून एका माणसाने वाकून म्हटलं, "आंटीजी, बैठिए ना, कुछ दिख नहीं रहा."

"ठैरो जी," ताई म्हणाल्या. मागे वळल्याही नाहीत. "मेरा नाम जा रा."

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "दोंडकाय!" आधी चार जण हसले, मग अख्ख्या थिएटरला ओळख पटली, कारण नीनोकडून भाजी न घेणारं तिथे कोणी नव्हतंच. शिट्ट्या वाजल्या, दोंडकाय, दोंडकाय असा गजर झाला, आणि हिरोसाठी राखून ठेवलेले कागद ताईंच्या नावावर उडाले. हे एक कार्ड वेगळं का, हे हैदराबादेत कोणाला कळलं नसतं. मयूराने आईचा हात घट्ट धरला होता.

एकसष्टावं कार्ड आलं. मागचा माणूस पुन्हा म्हणाला, "आंटीजी, अब तो नाम हो गया. अब बैठिए."

"नक्को," ताई म्हणाल्या, आणि बहात्तरावं कार्ड जाईपर्यंत उभ्याच राहिल्या. सगळी त्यांनीच लिहिली होती.